स्टेंट घातल्यानंतर पुन्हा छातीत दुखलं तर...



"डॉक्टर, स्टेंट घातलाय की! मग पुन्हा ब्लॉक कसं होईल?"

हा प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मला नेहमी विचारतात. मी त्यांना समजावून सांगतो. पण काही वर्षांपूर्वी हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, मी स्वतः एका रुग्णाला ऐकवलं होतं आणि मी चुकलो होतो. आजचा लेख त्या चुकीविषयी आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

"पित्त झालं असेल"

सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम करणारे हे गृहस्थ. वय पंचावन्नच्या पुढे, मधुमेह बारा-तेरा वर्षांचा, गालात तंबाखू कायम. चालताना छातीत भरून यायला लागलं म्हणून त्यांची अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत लांबलचक अडथळा निघाला. अँजिओप्लास्टी करून औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवला. आठवड्याभरात ते पेढे घेऊन माझ्याकडे आले. तंबाखू सोडल्याचंही अभिमानानं सांगितलं.

सहा महिन्यांनी ते पुन्हा आले. "जेवून कारखान्याकडं चालत निघालो की छातीत जळजळतंय. थांबलं की जातंय."

मी रक्तदाब पाहिला, पोट तपासलं, ईसीजी काढला. ईसीजी ठीक होता. "सहा महिन्यांपूर्वीच तर स्टेंट घातलाय, तो एवढ्यात कशाला बंद होतोय? पित्त झालं असेल," असं म्हणून मी पित्ताची गोळी लिहून दिली.

त्यांचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. चालल्यावर जळजळतं, थांबलं की जातं. पित्ताला माणूस चालतोय की बसलाय हे कळत नाही, हृदयाला मात्र कळतं. चालल्यावर, जिना चढल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतली तक्रार हृदयाचीच समजून तपासायची, हे आम्ही एमबीबीएसलाच शिकतो. बसून-झोपून काढलेला ईसीजी अशा रुग्णात अगदी चांगला येऊ शकतो, हेही मला माहीत होतं. तरीसुद्धा 'स्टेंट नवा आहे' या एका गोष्टीपुढे मी बाकीचा विचारच केला नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, रात्री उठून बसतेत. छाती चोळत बसतेत. तुमच्याकडं चला म्हटलं तर नको म्हणतेत." मी विचारलं, नको का म्हणतात? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या वेळी पाहुण्यांकडून पैसे घेतले होते ओ. परत तेच झालं म्हणून कुणाला तोंड दाखवायचं, म्हणतेत."

त्यांना मी लगेच बोलावून घेतलं आणि त्याच संध्याकाळी हृदयरोगतज्ज्ञांकडे दाखल केलं. अँजिओग्राफीत दिसलं की स्टेंटच्या आतच धमनी नव्वद टक्के अरुंद झाली होती. हार्ट अटॅक येण्याआधी हे सापडलं, याचं श्रेय माझं नाही. ते त्यांच्या पत्नीचं आहे.

स्टेंटच्या आत धमनी का अरुंद होते?

आपल्या दुष्काळी भागात बोअर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भुसभुशीत जमिनीत नुसतं भोक पाडून ठेवलं तर कडेची माती ढासळते. म्हणून केसिंग पाइप घालतात. अँजिओप्लास्टीचं साधारण तसंच आहे.

आधी नुसत्या फुग्यानेच अँजिओप्लास्टी होत असे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग या डॉक्टरांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा असा फुगा फुगवला. दहा वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हाही त्या रुग्णाची ती धमनी उघडीच होती. पण सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त धमन्या सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होत.

याची कारणं तीन. पहिलं, धमनी रबरासारखी लवचीक असते. फुगा काढला की ती थोडी मागे येते. दुसरं, पुढच्या काही महिन्यांत ताणलेली धमनी हळूहळू आक्रसते. तिसरं कारण जखमेचं. फुगा फुगवताना धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि शरीर ती जखम भरायला लागतं. हातावर खोल कापलं तर तिथे व्रण तयार होतो, काहींना तर तो उंचवट्यासारखा जाड होतो. तसंच धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून आतल्या बाजूला थर तयार करतात. तो थर जाड झाला की रक्ताचा रस्ता पुन्हा बारीक होतो.

१९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये रुग्णांच्या धमनीत पहिल्यांदा धातूच्या जाळीचा स्टेंट बसवला गेला. हा आपला केसिंग पाइप. त्याने पहिली दोन कारणं जवळजवळ संपवली. तिसरं मात्र राहिलं, कारण जाळीच्या फटींतून पेशी आत वाढतच होत्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 'बेनेस्टेंट' अभ्यासात नुसत्या फुग्यानंतर १०० पैकी ३२ जणांची धमनी पुन्हा अरुंद झाली, तर स्टेंटनंतर २२ जणांची. फरक पडला, पण प्रश्न सुटला नाही.

पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले डिक चेनी यांना नोव्हेंबर २००० मध्ये असा साध्या धातूचा स्टेंट बसवला होता. मार्च २००१ मध्ये छातीत दुखलं म्हणून तपासलं, तर त्याच स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा! फुग्याने तो पुन्हा उघडावा लागला. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसाचीही धमनी साडेतीन महिन्यांत अरुंद झाली. म्हणून तुमच्या बाबतीत असं झालं तर 'आपल्यालाच फसवलं' असं लगेच मनात आणू नका.

मातीतून आलेलं औषध

पेशींची ही वाढ रोखणारं औषध स्टेंटलाच लावलं तर? या विचारातून औषधी स्टेंट आले. सुरुवातीचं त्यातलं एक औषध म्हणजे सिरोलिमस. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळालं. ते वेगळं करून त्याचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल. त्यांच्या कंपनीने १९८०च्या दशकात माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा या कामात कुणाला फारसा रस नव्हता. सेहगल यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. पुढे हेच औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरात आलं आणि २००२ मध्ये युरोपात, २००३ मध्ये अमेरिकेत स्टेंटवर लेप म्हणून मान्य झालं.

आताच्या औषधी स्टेंटमुळे धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ढोबळमानाने शंभरात पाच ते दहापर्यंत खाली आलं आहे. म्हणजे नव्वदहून जास्त लोकांना हा त्रास होत नाही. पण माझा रुग्ण उरलेल्यांपैकी होता.

हा धोका कुणाला जास्त? मधुमेह असलेल्यांना, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, धमनी मुळातच बारीक असेल तर, अडथळा लांब असेल किंवा धमनीला फाटा फुटतो त्या जागी असेल तर. कधी धमनीत चुन्यासारखा कॅल्शियमचा कडक थर असतो, त्यामुळे स्टेंट पूर्ण उघडत नाही. तिथेही पुढे अडथळा येऊ शकतो. काहींमध्ये मात्र स्टेंट चार-सहा वर्षं उत्तम चालतो आणि मग त्याच्या आत नव्याने चरबीचा थर साठतो. म्हणून 'इतकी वर्षं झाली, आता काय होतंय' हेही खरं नाही.

दोन वेगळ्या गोष्टी, ज्यांची गल्लत होते

वर सांगितलेलं अरुंद होणं सावकाश होतं. त्याची सूचना मिळते. आधी जिना चढताना, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी त्रास होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी होणं. तिथे काही मिनिटांत धमनी पूर्ण बंद होते आणि मोठा हार्ट अटॅक येतो. हे क्वचित होतं, पण जिवावर बेतणारं असतं. याचं एक महत्त्वाचं कारण आपल्या हातात आहे, ते म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद करणं. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी गोळी, अशा दोन गोळ्या स्टेंटनंतर सुरू असतात. दुसरी गोळी साधारणपणे किमान सहा महिने, आणि हार्ट अटॅकनंतर स्टेंट घातला असेल तर बहुधा वर्षभर घ्यावी लागते. रक्तस्रावाचा धोका असेल तर तज्ज्ञ ही मुदत कमी करतात. ॲस्पिरिन बहुतेकांना पुढेही चालू ठेवावी लागते.

दात काढायचाय म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून, 'आता बरं वाटतंय' म्हणून, गावाकडे यात्रेला गेलो आणि पाकीट घरी राहिलं म्हणून गोळी बंद केलेले लोक मी पाहिले आहेत. दाताच्या डॉक्टरांना स्टेंट असल्याचं सांगा. गोळी बंद करायची की नाही, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. बहुतेक वेळा दात काढण्यासाठी ती बंद करावीही लागत नाही.

मग त्यांच्यावर उपचार काय झाले?

पहिला प्रश्न असतो, अडथळा का आला? त्यासाठी धमनीच्या आत अगदी बारीक तार घालून सोनोग्राफी करतात. काही ठिकाणी प्रकाशकिरणांनी आतलं चित्र काढतात. स्टेंट अर्धवट उघडलेला असेल तर जास्त दाबाचा फुगा लागतो. कॅल्शियम असेल तर तो आधी फोडावा लागतो. माझ्या रुग्णाचा स्टेंट नीट उघडलेला होता, पण आत पेशींचा जाड थर वाढला होता.

त्यांना औषधाचा लेप असलेला फुगा वापरला. आधी साध्या फुग्याने रस्ता मोकळा केला, मग हा औषधी फुगा त्या जागी नेऊन साधारण मिनिटभर फुगवून धरला. तेवढ्या वेळात औषध धमनीच्या भिंतीत उतरतं आणि फुगा बाहेर काढून घेतात. आत नवीन धातू राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा. जर्मन डॉक्टरांनी २००६ मध्ये ही पद्धत स्टेंटमधल्या अडथळ्यासाठी उपयोगी असल्याचं दाखवलं. अमेरिकेत ६०० रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण साध्या फुग्याने सुमारे २९ टक्के, तर औषधी फुग्याने सुमारे १८ टक्के होतं. हे आकडे मी मुद्दाम देतोय. दुसऱ्यांदा केलेला उपचारही शंभर टक्के खात्रीचा नसतो, हे रुग्णाला आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्या स्टेंटच्या आत नवा औषधी स्टेंट. तोही चांगला चालतो, पण धातूचे दोन थर होतात. तिथे तिसऱ्यांदा अडथळा आला तर पुढचा उपचार अवघड जातो. तिसरा पर्याय बायपास. एकापेक्षा जास्त धमन्या बंद असतील, मधुमेह असेल, एकच जागा पुन्हा पुन्हा बंद होत असेल, तर बायपासचा विचार मोकळ्या मनाने करा. मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांच्या हिशेबाने बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते, हे २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात दिसलं आहे. 'छाती फाडायची नाही' एवढ्याच भीतीपोटी स्टेंटवर स्टेंट घालत राहणं शहाणपणाचं नाही.

"आमच्यावर प्रयोग झाला का?"

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला हे विचारलं. आवाजात राग नव्हता, पण मनात शंका होती. "स्वस्तातला स्टेंट घातला असेल म्हणून झालं, असं कारखान्यात सगळे म्हणतेत."

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पूर्वी एका औषधी स्टेंटची किंमत लाखाच्या वर जायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवून दिली, तेव्हा औषधी स्टेंटसाठी २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये, कर वेगळा. किंमत उतरली म्हणजे माल हलका झाला असा अर्थ होत नाही. धमनी पुन्हा अरुंद झाली ती मुख्यतः त्यांच्या शरीराने जखम भरून काढण्याच्या पद्धतीमुळे, मधुमेहामुळे आणि धमनीच्या लांबलचक आजारामुळे. स्टेंट महागडा असता तरी हे होऊ शकलं असतं.

मग मी त्यांना दुसरी गोष्टही सांगितली. "तीन आठवडे वाया गेले, ते मात्र माझ्यामुळे." ते हसले आणि म्हणाले, "मी पण तर आलो नाही की." खरं होतं. मी नीट ऐकलं नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. असे दोघांनी मिळून वाया घालवलेले तीन आठवडे एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात.

पैशांसाठी गप्प बसणाऱ्यांना एक सांगणं. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही आहेत. एकदा लाभ घेतला म्हणजे पुन्हा मिळणारच नाही, असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना विचारा.

तुम्ही काय करायचं?

स्टेंट घातलेला असेल आणि काहीच त्रास नसेल, तर 'एकदा बघून टाकू' म्हणून पुन्हा अँजिओग्राफी करायची सहसा गरज नसते. ठरलेल्या तारखेला दाखवा, तेवढं पुरे.

पण चालताना छातीत, घशात, जबड्यात, डाव्या हातात किंवा दोन्ही खांद्यांमध्ये काही होत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. मधुमेही लोकांना आणि बायकांना कधी दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा विलक्षण थकवा येतो. पहिल्या वेळी जसं झालं होतं तसंच वाटत असेल, तर ते फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना मुद्दाम सांगा. बसल्या जागी किंवा झोपेत त्रास होत असेल तर त्याच दिवशी जा. दुखणं पंधरा-वीस मिनिटं थांबलं नाही, घाम सुटला, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

आणखी एक, स्टेंट बोटभर लांबीचाही नसतो. बाकीच्या सगळ्या धमन्यांचा आजार तसाच असतो, आणि त्याच्यासाठी रोजच्या गोळ्या आहेत. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद करायची नसते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, तुमच्यासारख्यांमध्ये ५५ च्या खाली ठेवण्याचा आमचा प्रयत्न असतो. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, बहुतेकांनी सातच्या आत ठेवावी, वयस्कर माणसांसाठी थोडी सूट असते. तंबाखू, विडी, मिश्री यातलं काहीही नको. मिश्री दातांसाठी लावते, असं सांगणाऱ्या आज्जीबाईंनाही हे लागू आहे. शेंगाची चटणी चिमूटभर चालेल, पण वाटीभर तेल ओतून नको.

आणि शेवटचं. डॉक्टर 'पित्त असेल' म्हणाले आणि गोळीने आठ दिवसांत फरक पडला नाही, तर गप्प बसू नका. सरळ सांगा, "डॉक्टर, मला स्टेंट आहे, चालल्यावर होतंय, थांबल्यावर जातंय. पुन्हा बघा." मला राग येणार नाही. कुठल्याही डॉक्टरला येऊ नये.

ते गृहस्थ अजून दर तीन महिन्यांनी येतात. पत्नी सोबत असतात. ते खुर्चीवर बसायच्या आत मी विचारतो, "चालताना काही होतंय का?" ते 'नाही' म्हणतात. मी मात्र त्यांच्या पत्नीकडेही बघतो. त्यांनी मान हलवली की मग रक्तदाब मोजायला घेतो.